निरोपाची वचने : ‘येतो’ या शब्दाच्या निमित्ताने

१

मराठी समाजात मृत्यू घडलेल्या घरी भेटीस गेलेला मनुष्य उठताना ‘येतो’ असे म्हणत नाही. तो उठतो, क्षणभर थांबतो आणि काही न बोलता उंबरठा ओलांडतो. घरची माणसेही त्याला ‘या’ म्हणत नाहीत. एरवी त्याच घरातून तोच मनुष्य दिवसातून दोनदा बाहेर पडला, तरी ‘येतो’ म्हटल्यावाचून त्याचे पाऊल निघत नाही. आणि त्या शब्दाकडे बोलणाऱ्याचे किंवा ऐकणाऱ्याचे लक्षही जात नाही. ज्या शब्दाची एरवी कोणी दखल घेत नाही, तोच शब्द एका विशिष्ट प्रसंगी सर्वजण कटाक्षाने टाळतात, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगी आहे.

निरोपाची वचने ही भाषेतील अत्यंत झिजलेली नाणी होत, असे सामान्यतः समजले जाते. या समजुतीला शास्त्रीय रूप ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने दिले. ऑग्डेन व रिचर्ड्स यांच्या अर्थविचारावरील ग्रंथाला १९२३ साली जोडलेल्या निबंधात त्याने असे प्रतिपादन केले की, क्षेमकुशल विचारणे, हवापाण्याविषयी बोलणे यांसारख्या व्यवहारात शब्दांचे कार्य विचार कळविणे हे नसतेच. माणसामाणसांतील बंध जुळविणे व राखणे एवढेच तेथे साधावयाचे असते. शब्दांचा अर्थ जवळजवळ अप्रस्तुत असतो. अशा बोलण्यास मराठीत ‘संपर्कवचन’ म्हणता येईल. निरोपाची वचने या वर्गात सहज बसतात. परंतु त्यांचा अर्थ खरोखरच अप्रस्तुत असेल, तर मृताच्या घरी ‘येतो’ हा शब्द जड का व्हावा? प्रस्तुत विवेचन या प्रश्नाभोवती आहे.

२

युरोपीय भाषांतील पुरावा प्रथमदर्शनी मालिनोव्स्कीच्या बाजूचा दिसतो. इंग्रजी ‘गुडबाय’ हे ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे ‘देव तुमच्यासंगे असो’, या संपूर्ण वाक्याचे आखडलेले रूप होय. गेब्रिएल हार्वी याच्या १५७३ सालच्या एका पत्रात हे वाक्य एका शब्दाएवढे झालेले आढळते. १६२३ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या नाट्यसंग्रहात ‘गॉड बाय यू’ यासारखी रूपे आहेत. म्हणजे त्यातला देव अजून ओळखू येतो. पुढे ‘गुड डे’, ‘गुड नाइट’ या वचनांच्या सादृश्याने ‘गॉड’चे ‘गुड’ झाले आणि मूळ प्रार्थना पुसली गेली. जर्मन भाषेतील ‘च्यूस’ या वचनाचीही हीच कथा. ‘देवाकडे’ या अर्थाचा रोमान्स भाषांतील शब्द उत्तर जर्मनीच्या बोलींत शिरला व झिजत झिजत या रूपाला पोहोचला. आज तो उच्चारणाऱ्याला त्यात देवाचे नाव दडले आहे, याची जाणीव नसते.

इटालियन ‘चाओ’ याहून बोलके आहे. व्हेनिसच्या बोलीत ‘मी तुमचा दास’ असे म्हणण्याची जी विनयाची रीत होती, तिच्यातील ‘दास’ या शब्दाचे हे अवशिष्ट रूप आहे. आणि तो शब्दही मुळात स्लाव लोकांच्या नावावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये आलेला. ऑस्ट्रिया, बव्हेरिया व हंगेरी येथे प्रचलित असलेले ‘सेर्वुस’ हे वचन म्हणजे लॅटिन भाषेतील ‘दास’ हाच शब्द होय. आज ही वचने बरोबरीच्या मित्रांत, आणि तीही सलगीने, वापरली जातात. दास्याचा लवलेशही त्यांत उरलेला नाही. ध्वनी झिजला, अर्थ गेला आणि कार्य तेवढे राहिले, असे येथे म्हणता येते.

तथापि याच भाषांत दुसरीही एक घटना दिसून येते. फ्रेंचमध्ये ‘आद्यू’, म्हणजे ‘देवाकडे’, हे निरोपाचे जुने वचन. दक्षिण फ्रान्समध्ये ते नित्याच्या अभिवादनासही चालते. परंतु प्रमाण भाषेत ते हळूहळू दीर्घ किंवा कायमच्या वियोगाकडे सरकले. नित्याच्या निरोपाची जागा ‘ओ रव्हुआर’ या वचनाने घेतली. त्याचा शब्दशः अर्थ पुन्हा पाहण्याशी निगडित आहे. जर्मन ‘आउफ वीडरझेन’ व इटालियन ‘आरिवेदेर्ची’ यांची घडण याच प्रकारची आहे. रशियन ‘दो स्विदानिया’ म्हणजे ‘भेटीपर्यंत’, आणि चिनी ‘झाइ ज्येन’ म्हणजे ‘पुन्हा पाहणे’. संस्कृत नाटकांतील पात्रे परस्परांना निरोप देताना ‘पुनर्दर्शनाय’ म्हणतात, तेही याच कुळातले. आता निरोपवचनाचा अर्थ सर्वस्वी अप्रस्तुत असता, तर फ्रेंच भाषिकांना एक शब्द चिरवियोगासाठी व दुसरा सायंकाळपर्यंतच्या वियोगासाठी, अशी वाटणी करण्याचे प्रयोजन नव्हते. ज्या वचनात पुनर्भेटीचा उल्लेख नाही, तेच कायमच्या वियोगाच्या वाट्याला गेले. हा योगायोग मानता येत नाही.

३

मराठीकडे वळताना प्रथम ‘निरोप’ या शब्दाचाच विचार केला पाहिजे. आजच्या मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. ‘निरोप पाठवला’ येथे तो संदेश आहे, ‘निरोप घेतला’ येथे तो जाण्याची अनुज्ञा आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतही हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. या दोहोंना जोडणारा दुवा जुन्या भाषेत सापडतो. जुन्या मराठीत निरोप म्हणजे वडीलधाऱ्याचे, गुरूचे किंवा स्वामीचे सांगणे, म्हणजेच आज्ञा. कन्नडमध्ये ‘निरूप’ हा शब्द राजाज्ञा या अर्थी रूढ होता. तेव्हा ‘निरोप घेणे’ ही क्रिया मुळात दोन बरोबरीच्या माणसांमधील नव्हे. लहानाने मोठ्यापुढे उभे राहावे, जाण्याची आज्ञा मागावी आणि ती घेऊन निघावे, असा तिचा अर्थ होता. आज्ञा दूताकरवी गेली म्हणजे तो संदेश झाला; समोर उभ्या असलेल्याला मिळाली म्हणजे ती जाण्याची मोकळीक झाली.

निघताना विचारणे, ही कल्पना संस्कृतात फार जुनी आहे. ‘आ’ उपसर्गासह ‘प्रच्छ्’ म्हणजे विचारणे या धातूचा अर्थच मुळी ‘निरोप घेणे’ असा होतो. मेघदूतातील यक्ष मेघाला वाटेस लावण्यापूर्वी रामगिरीचा निरोप घ्यावयास सांगतो, तेव्हा कालिदासाने याच धातूचे रूप योजिले आहे. पर्वत उत्तर देणार नाही, हे यक्ष जाणतो. तरी न विचारता निघणे त्याला प्रशस्त वाटत नाही.

मुसलमानी अमदानीत या कल्पनेला अरबी-फारसी शब्दांची जोड मिळाली. ‘रजा’ हा मूळचा संमती या अर्थाचा अरबी शब्द. मराठीत ‘रजा घेणे’ म्हणजे निरोप घेणे असे झाले, आणि पुढे कचेऱ्यांच्या काळात तोच शब्द कामावरील गैरहजेरीच्या परवानगीस लागला. निरोपवाचक ‘विदा’ या शब्दापासून ‘बिदागी’ निघाली. निरोपाच्या वेळी पाहुण्याला किंवा गुणीजनाला द्यावयाचे द्रव्य असा तिचा अर्थ. आज गवयाला किंवा कीर्तनकाराला बिदागी देताना तिच्यातील निरोप कोणाच्याही ध्यानी येत नाही. दरबार संपला हे शब्दाने न सांगता विडा व अत्तरगुलाब देऊन सुचविण्याची रीत होती. सन्मानाने नारळ हातावर ठेवून पाहुण्याची बोळवण करीत. पण ‘नोकराला नारळ दिला’ या आजच्या प्रयोगात सन्मान उरला नाही, केवळ घालवून देणे उरले. ‘रामराम’ हे भेटीचे व निरोपाचे समान वचन. ‘रामराम ठोकणे’ म्हणजे मात्र एखादी गोष्ट कायमची सोडणे. म्हणजे मराठीतही झीज आहे, आणि ती युरोपीय भाषांतील झिजेहून वेगळी नाही.

लेखी निरोपाची परंपरा या संदर्भात उल्लेखनीय ठरते. शिवकालीन राजपत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटे. तिने मजकुराची सीमा दाखविली जाई. खाजगी पत्र ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे’ अशा वचनांनी संपे. ‘लोभ असावा, ही विनंती’ हे त्याचे अलीकडचे रूप. कोकणीत निरोपाच्या वेळी ‘मोग आसूं दी’ असे म्हणतात. मोग म्हणजे प्रेम; तेव्हा मराठी पत्राच्या तळाशी जे लिहिले जाते, तेच गोमंतकात तोंडी बोलले जाते. त्याच गोमंतकात पोर्तुगीज ‘आदेउश’ हा शब्दही रुळला व वियोगाच्या मांडो-गीतांत शिरला. परंतु देशी वचनाने आपली जागा सोडली नाही.

४

आता ‘येतो’ या वचनाकडे यावयाचे. ते अनुज्ञा मागत नाही, देवाच्या हाती सोपवीत नाही आणि आरोग्यही चिंतीत नाही. जाणारा जे करीत आहे, त्याच्या नेमके उलट ते सांगते. याचे एक कारण उघड आहे. मराठीत ‘जाणे’ या क्रियापदाला मृत्यूचा अर्थ आहे. ‘ते गेले’ एवढे दोन शब्द कानी पडले, तरी ‘कोठे?’ असे कोणी विचारीत नाही. म्हणून निघणाऱ्याने ‘जातो’ म्हणणे अशुभ ठरले. अशुभ टाळण्यासाठी विरुद्धार्थी शब्द योजण्याची रीत मराठीत अन्यत्रही आहे. बांगडी फुटली असे न म्हणता ‘वाढवली’ म्हणतात. रात्री दुकान बंद होत नाही, ते ‘वाढवले’ जाते. आणि देवापुढे नारळही फोडला न जाता ‘वाढवला’ जातो. ‘येतो’ हे वचन याच प्रवृत्तीचे आहे.

परंतु केवळ अशुभाची भीती एवढ्याने या वचनाचा पुरता उलगडा होत नाही. ‘येतो’ हे ‘जाऊन येतो’ या पूर्ण वाक्याचे संक्षिप्त रूप आहे, आणि पूर्ण रूपही आजतागायत बोलण्यात आहे. ही वाक्यरचना भारतात फार दूरवर पसरलेली दिसते. तमिळ मनुष्य निघताना ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतो, कन्नड मनुष्य ‘होगि बरुत्तेने’, तेलुगू मनुष्य ‘वेळ्ळि वस्तानु’. तिन्हींचा अर्थ अक्षरशः ‘जाऊन येतो’ असा आहे. सिंहली भाषेतील ‘गिहिन् एन्नम्’ हेही तेच. बंगालीत नुसते ‘आशि’, म्हणजे ‘येतो’, म्हणतात, तर गुजरातीत ‘आवजो’, म्हणजे ‘या’, हे निरोपाचे वचन आहे. हिंदीभाषक मात्र बहुधा ‘चलता हूँ’ म्हणून निघतो. तोही ‘जाणे’ हा धातू टाळतो, पण ‘येणे’ हा धातू योजीत नाही.

एका भौगोलिक क्षेत्रातील भाषा भिन्न कुळांच्या असूनही दीर्घ सहवासाने एकमेकींसारख्या होतात, हे मरे एमेनो याने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भारत : एक भाषिक क्षेत्र’ या विषयावरील निबंधात दाखवून दिले. वरील वचने या सिद्धांताला अनुकूल दिसतात. मात्र येथे सावधगिरी हवी. जपानी मनुष्य घरून निघताना ‘इत्ते किमासु’ म्हणतो आणि घरची माणसे ‘इत्ते रास्शाइ’ असे उत्तर देतात. पहिल्याचा अर्थ ‘जाऊन येतो’, दुसऱ्याचा ‘जाऊन या’. जपानी व मराठी यांचा असा संपर्क कधी घडलेला नाही. ज्या भाषेत ‘जाऊन’ यासारखे धातुसाधित अव्यय सुलभ आहे, तिला ही रचना स्वतंत्रपणेही सुचू शकते. म्हणून मराठीने हे वचन द्राविडी भाषांपासून घेतले, असा निष्कर्ष एवढ्याच आधारावर काढता येत नाही. एवढे मात्र खरे की, उंबरठ्यावर उभे राहून जाण्याच्या आधीच येण्याविषयी बोलावे, ही गरज अनेक समाजांना वाटलेली आहे.

या गरजेचे धार्मिक रूप महाराष्ट्राला चांगले परिचित आहे. पूजेच्या अंती देवतेचे विसर्जन करताना जो मंत्र म्हणतात, त्यात ‘पुनरागमनाय’ हे पद येते. अनंत चतुर्दशीला गणपतीची मूर्ती पाण्यात सोडणारा जनसमुदाय देवाला पुढच्या वर्षी लवकर येण्यास सांगतो. मूर्ती विरघळणार आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तरी देवालाही ‘जा’ असे म्हटले जात नाही. ‘या’ असेच म्हटले जाते.

५

निरोप हा दोघांचा व्यवहार आहे. एक जातो, एक राहतो. काही भाषा या दोघांसाठी स्वतंत्र वचने ठेवतात. कोरियन भाषेत जाणाऱ्याला ‘सुखाने जा’ व राहणाऱ्याला ‘सुखाने राहा’ असे म्हणतात. इंडोनेशियन भाषेत ‘सलामत जालान’ हे जाणाऱ्यासाठी आणि ‘सलामत तिंगाल’ हे राहणाऱ्यासाठी. तुर्की भाषेत निघणारा देवाच्या हवाली केल्याचे बोलतो, राहणारा ‘ग्यूले ग्यूले’, म्हणजे ‘हसत हसत’, असे म्हणतो. इंग्रजी ‘गुडबाय’ला हा भेद नाही.

मराठी व्यवस्था दोन्ही बाजू एकाच धातूवर पेलते. जाणारा ‘येतो’ म्हणतो, राहणारा ‘या’ म्हणतो. पाहुणा दारात उभा असताना ‘या’ म्हणजे स्वागत. तो उठून निघाला असताना ‘या’ म्हणजे निरोप. याहून सूक्ष्म प्रयोग ‘येऊ का?’ हा होय. बाहेर उभ्या असलेल्याने तो उच्चारला, तर आत येण्याची परवानगी मागितली जाते. आत बसलेल्याने उच्चारला, तर जाण्याची. या दोन शब्दांत निरोपाच्या दोन जुन्या परंपरा एकत्र आल्या आहेत. ‘का?’ या प्रश्नात वडिलांना विचारून निघण्याची, मेघदूतातील यक्षाला ठाऊक असलेली रीत आहे, आणि ‘येऊ’ या क्रियापदात परत येण्याचे आश्वासन आहे. ‘येऊ का?’ असे विचारल्यावर घरच्या माणसाने ‘बसा की अजून थोडे’ म्हणावे व पाहुण्याने पुन्हा एकदा विचारावे, हा क्रमही ठरलेला. अनुज्ञा सहजासहजी न देणे, हा येथे स्नेहाचा भाग आहे.

६

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परतता येते. प्राचीन ग्रीक लोक भेटताना व निघताना ‘खायरे’, म्हणजे ‘आनंदी राहा’, असे म्हणत आणि तेच वचन मृताच्या शिळेवरही कोरीत. लॅटिन ‘वाले’, म्हणजे ‘सुदृढ राहा’, हेही पत्राच्या अखेरीस व मृताच्या निरोपाला सारखेच चाले. शुभेच्छा जिवंताला देता येते, तशी मृतालाही देता येते. आश्वासनाचे तसे नाही. ‘येतो’ ही शुभेच्छा नव्हे. बोलणाऱ्याने स्वतःला बांधून घेतलेले ते वचन आहे. मृताच्या घरी ते उच्चारणे म्हणजे अशाच प्रसंगासाठी पुन्हा येण्याचे वचन देणे होईल, म्हणून जीभ थांबते. ज्याचा अर्थ मेला आहे, त्या शब्दाची अशी भीती कोणी बाळगीत नाही. व्हेनिसच्या मनुष्याला ‘चाओ’ म्हणताना दास्याची लाज वाटत नाही, कारण तेथे अर्थ उरलेलाच नाही. निषेध हा अर्थाच्या जिवंतपणाचा पुरावा असतो.

झोपलेला अर्थ जागा होऊ शकतो, याचे उदाहरण अलीकडच्या इतिहासातही आहे. ‘खुदा हाफिज’, म्हणजे ‘देव रक्षणकर्ता आहे’, हे फारसी वचन शतकानुशतके इराणात व भारतीय उपखंडात सहज बोलले गेले. १९८० नंतरच्या दशकांत पाकिस्तानात ‘अल्ला हाफिज’ हे वचन त्याची जागा घेऊ लागले. ‘खुदा’ हा शब्द फारसी आहे, कुराणातील नव्हे, असा आक्षेप घेतला गेला. दाराशी पुटपुटलेल्या दोन शब्दांतील एकाचा अर्थ व उगम तपासला गेला आणि त्यावर वाद झाला. इराणात मात्र जुने वचन अबाधित राहिले. संपर्कवचनांत अर्थ अप्रस्तुत असतो, हे मालिनोव्स्कीचे विधान म्हणून पुरते मान्य करता येत नाही. अर्थ मागे सरलेला असतो, पण प्रसंगाचा धक्का लागताच तो पुढे येतो. ज्या वचनाचा ध्वनी ओळखण्यापलीकडे झिजला, तेथेच तो कायमचा हरपतो. ‘येतो’ हे रूप मात्र रोजच्या व्यवहारातील क्रियापदच राहिले आहे, म्हणून त्याचा अर्थही हाताशी आहे.

शहरी मराठीत आज ‘बाय’ रुळले आहे, ‘चला, निघतो’ व ‘भेटू’ हीही वचने ऐकू येतात. लहान मुलाला हात हलवून ‘अच्छा’ करावयास शिकवितात. ‘बरे तर’ या अर्थाचा शब्द निरोपवाचक झाला, जसे जपानीत ‘तसे असेल तर’ या अर्थाचे पद ‘सायोनारा’ झाले. नव्या साधनानेही स्वतःचे वचन घडविले आहे. दूरध्वनीवर कोणी कोणाकडे आलेले नसल्याने ‘येतो’ म्हणणे अप्रस्तुत होते. तेथे ‘ठेवतो’ म्हणतात, आणि वडील माणसाशी बोलताना ‘ठेवू का?’ असे विचारतात. खाली ठेवावयाचा तो जुना श्रवणक घरांतून बहुतेक नाहीसा झाला, तरी वचन टिकले. त्यात ‘ठेवणे’ हा अर्थ झिजू लागला आहे, पण ‘का?’ हा प्रश्न, म्हणजे विचारल्यावाचून न जाण्याची रीत, झिजलेली नाही. निरोपाच्या वचनांपैकी कोणते टिकेल व कोणते जाईल, हे त्यांतील शब्दांवर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच ते ती वचने बोलणारा समाज निघताना कोणाला आणि काय देणे लागतो, यावरही अवलंबून आहे. ‘येतो’ म्हणणारा मनुष्य परत येण्याचे देणे मागे ठेवून बाहेर पडतो. मृताच्या दारात तो मुका होतो, तो त्या देण्याची पुरती जाणीव असल्यामुळेच.